जुन्या चित्रकार्डांचे फोल्डर : कात्री लावण्याआधी एकदा उलगडून बघा

कागदवेडी (शनिवार, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी,

इथे मी बहुतेक वाचनमात्र असते. आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

मी ओहायोत राहते आणि गेली अकरा वर्षं जुन्या चित्रकार्डांचे फोल्डर जमवते. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. पोस्टकार्डाहून जरासं मोठं, जाड कागदाचं पाकीट असतं. त्याची जीभ खाचेतून सोडवली की आतून चित्रांची लांब पट्टी निघते, पेटीच्या भात्यासारखी घड्या घातलेली. पट्टी दोन्ही बाजूंनी छापलेली. माझ्याकडच्या बहुतेकांत पुढे नऊ आणि मागे नऊ अशी अठरा चित्रं आहेत. पाकिटावर पत्त्याला जागा, तिकिटाचा चौकोन, आणि आतल्या अंगाला त्या गावाची माहिती बारीक टायपात. १९३० ते १९५० च्या दशकांत अमेरिकेत जिथे म्हणून माणसं फिरायला जात, तिथे हे मिळायचे. धबधबे, गुहा, जागतिक प्रदर्शनं, लष्करी तळसुद्धा. आपल्याकडे ताजमहालाबाहेर फेरीवाले हात उंच करून जी पट्टी झर्रकन खाली सोडायचे, ती याच जातीची.

गेल्या शनिवारी इथल्या जुन्या बाजारात गेले होते. एका टेबलामागे एक गृहस्थ कात्री घेऊन बसले होते. घडीवर कात्री चालवायची, चित्र सुटं करायचं, काळ्या पुठ्ठ्यात बसवून चौकट करायची. बारा डॉलरला एक. पायाशी खोक्यात सोळा अख्खे फोल्डर होते. मी त्यांना म्हटलं, हे सगळे मला द्या. तीन डॉलरला एक या भावानं त्यांनी दिले. त्यांचा काही दोष आहे असं मी म्हणत नाही, कापलेली चित्रं विकली जातात आणि अख्खा फोल्डर कोणी हातात घेत नाही. पण घरी येईपर्यंत माझे हात थंड पडले होते.

त्या सोळांत नायगाराचा एक आहे. वरच्या पाकिटावर ठसठशीत अक्षरं आणि प्रत्येक अक्षराच्या पोटात एकेक छोटं दृश्य. ही तऱ्हा मूळची जर्मन कार्डांची. अमेरिकेत ती रुजवली शिकागोच्या कर्ट टाइख यांच्या छापखान्यानं. टाइख स्वतः जर्मनीतून आलेले, १८९८ मध्ये त्यांनी कंपनी काढली, आणि त्यांचा सगळा संग्रह आज शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहे. बोस्टनचे टिकनर ब्रदर्स, मिलवॉकीचे क्रॉप हेही मोठे छापणारे. माझ्या नायगाराच्या फोल्डरवर छापणाऱ्याचं नाव असलेला कोपरा मात्र फाटून गेलाय.

कागदावर बोट फिरवलं की कापडासारखी वीण लागते. यालाच लिनन कार्ड म्हणतात. तो खडबडीतपणा केवळ शोभेचा नव्हता, त्यामुळे शाई लवकर वाळायची आणि भडक रंग वापरता यायचे. मूळ फोटो मात्र काळा-पांढरा. छापखान्यातले कलाकार त्यावर ब्रशनं आणि रंगाच्या फवाऱ्यानं काम करायचे. विजेच्या तारा पुसायच्या, खांब काढून टाकायचे, आभाळाला गुलाबी ढग द्यायचे. कुठला रंग कुठे, हे गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून कळवायचं.

म्हणजे फोल्डर हे गावाचं जसंच्या तसं चित्र नाही. गावानं आपण कसं दिसावं हे ठरवून, क्रम लावून, पाहुण्याच्या हातात दिलेलं ते चित्र आहे. तो क्रम मोडला की काय उरतं? हाच माझा सांगायचा मुद्दा आहे.

आणि एक मदत हवी आहे. या नायगाराच्या फोल्डरवर साल कुठेच नाही. शिक्का आहे पण त्यात तारीख नाही. कसा काळ ठरवावा?

---

टपालपेटी (शनिवार, रात्री ११.०२)

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

कागदवेडी, तिकीट शाबूत आहे का? किती सेंटचं आहे आणि त्यावर कोण आहे ते सांगा. पुरुष असेल तर चेहरा एका बाजूनं आहे की समोरून, हेही बघा.

---

कागदवेडी (शनिवार, रात्री ११.२०)

शाबूत आहे. दीड सेंटचं, तपकिरी. पुरुष आहे, अगदी समोर बघतोय. खाली हार्डिंग असं नाव आहे.

---

टपालपेटी (शनिवार, रात्री ११.४८)

मग निम्मं काम झालं.

अमेरिकेत तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे मुख्यतः छापील मजकुराच्या, टपालाचा दर १९२५ साली दीड सेंट झाला. आत मजकूर लिहिलेला नसेल तर फोल्डर त्या दरानं जायचा. आत चार ओळी लिहिल्या की ते पत्र झालं आणि पत्राचा दर द्यावा लागे, १९३२ च्या जुलैपासून तो तीन सेंट होता. म्हणून तुम्हाला हे फोल्डर बहुतेक कोरे मिळत असणार. लोकांना लिहायचं नव्हतं असं नाही, दीड सेंट वाचवायचा होता.

आता तिकीट. हार्डिंग म्हणजे अमेरिकेचे एक राष्ट्राध्यक्ष. त्यांचं दीड सेंटचं पहिलं तिकीट १९२५ चं, त्यात चेहरा बाजूनं आहे. समोर बघणारं १ डिसेंबर १९३० ला निघालं. १९३८ च्या मे महिन्यात त्याच किमतीचं नवं तिकीट आलं, त्यावर मार्था वॉशिंग्टन आहेत. तुमचा फोल्डर १९३० च्या डिसेंबरनंतर पोस्टात पडला हे नक्की, आणि १९३८ नंतर फार काळानं पडला असण्याची शक्यता कमी. शिक्क्यात तारीख नसण्याचं कारणही हेच. तिसऱ्या वर्गाच्या टपालावर बहुधा बिनतारखेचा शिक्का मारत.

पण एक लक्षात घ्या. चित्राचं साल, छपाईचं साल आणि टपालात टाकल्याचं साल, ही तीन वेगळी असतात. फोटो १९२९ चा, छपाई १९३४ ची, आणि दुकानदाराकडे पडून राहून १९३९ ला विकला गेला, असं सर्रास व्हायचं. तिकिटावरून फक्त शेवटचं कळतं. आता चित्रांत काय काय दिसतंय ते लिहा.

---

कागदवेडी (रविवार, सकाळी ८.३०)

आत्ता जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर घालून अख्खी पट्टी उघडली. जे दिसतंय ते लिहिते.

पहिल्या चित्रात अमेरिकेच्या बाजूचा धबधबा. दुसऱ्यात घोड्याच्या नालासारखा कॅनडाचा. तिसऱ्यात ‘मेड ऑफ द मिस्ट’ बोट, तिला धुराचं नळकांडं आहे आणि धूर मागे वळलाय. चौथं गोट आयलंडचं. पाचव्यात पोलादी कमानीचा मोठा पूल, पलीकडच्या काठावर उंच हॉटेल. मागच्या बाजूला रात्रीची रंगीत रोषणाई, भोवऱ्यावरून तारेनं जाणारी पाळण्याची गाडी, बर्फातला धबधबा आणि काही बागा.

पुलाखाली नाव छापलंय, अपर स्टील आर्च ब्रिज. हा रेनबो ब्रिजच का? मी दोनदा चालत गेलेय त्यावरून, पण कमान वेगळी वाटते.

---

दूरदेशी (रविवार, सकाळी ९.१०)

नाही हो, तो रेनबो ब्रिज नाही!

मी बफेलोला राहतो, नायगारापासून अर्ध्या तासावर. दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईबाबा येतात आणि मी गाडी काढतो. त्यामुळे हा इतिहास मला तोंडपाठ आहे.

तुम्ही पाहताय तो जुना पूल, १८९८ च्या सुमारास पुरा झालेला. लोक त्याला हनिमून ब्रिज म्हणत, कारण नवी जोडपी त्यावर उभी राहून धबधबा बघायची. १९३८ च्या जानेवारीत ईरी सरोवरावरून वादळी वारा सुटला आणि प्रचंड बर्फ धबधब्यावरून खाली दरीत आला. दरीत बर्फ साठत साठत पुलाच्या पायथ्यापर्यंत चढला आणि कमानीचे टेकू वाकवायला लागला. पूल आधीच रिकामा केला होता. बातमी पसरल्यावर काठावर माणसं जमली, कॅमेरे लावून उभी राहिली. २७ जानेवारीला दुपारी चारनंतर अख्खा पूल खाली बर्फावर आडवा झाला. कुणाला इजा झाली नाही. तो सांगाडा एप्रिलपर्यंत बर्फावर तसाच पडून होता, बर्फ वितळल्यावर नदीनं तो गिळला. रेनबो ब्रिज नंतरचा, १९४१ च्या नोव्हेंबरात खुला झाला, जुन्या जागेहून थोडा खालच्या अंगाला.

तेव्हा तुमचं पाचवं चित्र १९३८ च्या आधीचं. पलीकडचं उंच हॉटेल जनरल ब्रॉक असेल तर ते १९२९ साली उघडलं, त्यामुळे फोटो त्यानंतरचा. नळकांड्याची बोट १९५५ पर्यंत होती, त्या एप्रिलमध्ये दोन्ही वाफेच्या बोटी आगीत जळाल्या. रंगीत रोषणाई १९२५ पासून कायमची. तिकीट, पूल आणि हॉटेल एकत्र धरलं तर १९३० चं दशक, बहुधा पहिला अर्धा.

---

टपालपेटी (रविवार, सकाळी ९.३५)

वा! आणि लिनन कागद धरला तर १९३१ च्या मागे जाता येत नाही, टाइखनी तो कागद त्या सुमाराला वापरायला घेतला. आता खालची बाजू १९३१ आणि वरची १९३८. एवढ्या बारीक खिडकीत काळ आला की समाधान वाटतं.

आणखी एक, बाकीच्या पंधरा फोल्डरांसाठी. टाइखच्या छपाईत बरेचदा एक क्रमांक असतो, जसं ६बी-एच आणि पुढे आकडे. ए म्हणजे १९३० चं दशक, बी म्हणजे १९४० चं, सी म्हणजे १९५० चं. अक्षराआधीचा आकडा म्हणजे त्या दशकातलं वर्ष. ६बी म्हणजे १९४६. भिंग घेऊन कडेला शोधा.

---

चौपाटीकर (रविवार, दुपारी १.२०)

तुमच्या धाग्यामुळे मी माझं कपाट उघडलं.

माझ्याकडे मुंबईची अशीच एक पट्टी आहे. तीसेक वर्षांपूर्वी फोर्टात फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतली. काळी-पांढरी, बारा दृश्यं, कागद साधा, आणि पाकिटावर किंमत छापलेली आहे : एक रुपया आठ आणे. आण्यात किंमत आहे म्हणजे १९५७ च्या एप्रिलच्या आधीची, त्या महिन्यापासून नवे पैसे आले.

दूरदेशी यांनी केलं तसं मीही चित्रं वाचून पाहिली. गेटवे आहे, म्हणजे १९२४ नंतर. गेटवेसमोर शिवाजी महाराजांचा पुतळा नाही, तो १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी बसला. ताजच्या शेजारी उंच इमारत नाही, ती सत्तरच्या दशकातली. फ्लोरा फाउंटनपाशी ट्राम उभी आहे. काळा घोडा जागेवर आहे. त्याला १९६५ ला राणीच्या बागेत नेलं, मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

किमतीवरून जे कळलं तेच चित्रांनीही सांगितलं. मला मात्र यातलं एकच चित्र खरं प्रिय आहे, ट्रामचं. ट्रामच्या मागच्या दांड्याला धरून एक मुलगा लोंबकळतोय. अमेरिकेतल्या छापखान्यानं तो पुसून टाकला असता. आमच्या पट्टीत तो राहिला. मी तसाच लोंबकळत शाळेत गेलोय, शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली तोवर.

कार्डांच्या बाबतीत मुंबई मागे नव्हती. आपले धुरंधर, कोल्हापुरात जन्मलेले आणि जे. जे. त शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर, यांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची चित्रं काढली आणि ती पोस्टकार्डांवर छापली गेली. पण ती सुटी कार्डं. पट्टीत सलगपणे बघण्याची मजा काही और आहे, हे कागदवेडी यांचं म्हणणं मला पटतं.

---

चौकट (रविवार, दुपारी ३.०५)

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका.

पुण्यात मी चौकटी बनवण्याचा व्यवसाय करतो. आमच्याकडे लोक जुनी कार्डं, कॅलेंडरं, काडेपेटीची लेबलं घेऊन येतात. भिंतीवर लागलं की घरातली चार माणसं बघतात, मुलं विचारतात हे कुठलं. कपाटात घडी घालून ठेवलेला फोल्डर तुमच्याशिवाय कोण बघतं? अकरा वर्षांत किती जणांनी तुमची पट्टी उलगडून पाहिली? ज्या वस्तूला कुणी बघत नाही ती जपून काय साधतं? कापलेलं एक चित्र वीस वर्षं भिंतीवर राहिलं तर तेही जपणंच आहे.

---

कागदवेडी (रविवार, दुपारी ४.४०)

चौकटदादा, रागावले नाही. प्रश्न खरा आहे आणि मलाही तो छळतो. माझ्याकडे कोणी फारसं बघत नाही, हे कबूल.

पण एक गोष्ट त्या कात्रीवाल्या टेबलाजवळ उभी असताना लक्षात आली. पट्टी दोन्ही बाजूंनी छापलेली आहे. अठरा चित्रांचा फोल्डर कापला तर तुकडे नऊच होतात. प्रत्येक चौकटीत एक चित्र समोर येतं आणि एक पुठ्ठ्यावर चिकटून कायमचं जातं. नायगाराच्या त्या पुलाच्या पाठीमागे रात्रीची रोषणाई आहे. पूल टांगायचा तर रोषणाई जाणार. पाकिटाच्या आतला मजकूर, तिकीट, शिक्का, पत्ता हे तर कुणी टांगतच नाही. आज सकाळी इथे तिघांनी मिळून साल शोधलं ते कशावरून? तिकीट पाकिटावर, पूल पुढच्या बाजूला, रोषणाई मागच्या बाजूला, कागद हातात. यातलं एकेक सुटं केलं असतं तर नुसता पूल उरला असता, आणि मी त्याला रेनबो ब्रिज समजून बसले असते.

तुमचं गिऱ्हाईक परत पाठवा असं मी म्हणत नाही. चांगला स्कॅन करा, सहाशेच्या रिझोल्यूशननं, जाड कागदावर छापा आणि ती छपाई चौकटीत घाला. भिंतही सजेल आणि पट्टीही वाचेल. दोन्ही बाजू दाखवायच्या असतील तर दोन चौकटी कराव्या लागतील, त्यात तुमचाही फायदा आहे.

---

चौकट (रविवार, संध्याकाळी ६.१५)

पाठीमागचं चित्र जातं, हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. आमच्याकडे आलेली कार्डं एका बाजूनंच छापलेली असतात. यापुढे असं काही आलं तर आधी स्कॅनचं सांगेन. शब्द दिला.

---

कोकणकडा (रविवार, रात्री ८.५०)

माझी रडकथा ऐका. वडिलांच्या ट्रंकेत काश्मीरचा फोल्डर होता, सत्तरच्या दशकातला. घडीवर फाटायला लागला म्हणून गेल्या वर्षी एका दुकानात लॅमिनेशनला दिला. त्यांनी पट्टी घडीवर तोडून बारा तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा प्लास्टिकमध्ये पक्का केला. उष्णतेनं दल सरोवराचा निळा रंग जांभळट झाला. आता तो पत्त्यांचा कॅट वाटतो. दुकानदाराला वाटलं आपण चांगलंच काम केलं.

रत्नागिरीला आमच्या घरी पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं. आणखी दोन फोल्डर आहेत. ते कसे ठेवू? आई डांबरगोळ्या घालायला सांगते.

---

खळ आणि कागद (सोमवार, सकाळी ७.२५)

एका ग्रंथालयाच्या कागद-दुरुस्ती विभागात मी बावीस वर्षं काम केलं. अनुभवाचं सांगतो.

लॅमिनेशन कधीही नको. ते परत काढता येत नाही, आणि परत काढता येणार नाही असं काहीही जुन्या कागदावर करायचं नाही. सेलोटेपही नको. पाचसात वर्षांत त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो, पट्टी गळून पडते आणि डाग राहतो.

घडी फाटत असेल तर दुरुस्ती होते. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी कागद, जो कांद्याच्या पापुद्र्याइतका तलम असतो. अडचण अशी की तुमच्या पट्टीला दोन्हीकडे चित्र आहे, त्यामुळे जोड कुठेही दिसणारच. म्हणून कागदाची पट्टी अगदी अरुंद, दोनतीन मिलिमीटरची, घडीच्या रेषेवरच बसवायची. पहिल्यांदा करणाऱ्यानं रद्दीतल्या जाड कागदावर दहा वेळा सराव करावा. जमेल असं वाटत नसेल तर फाटकं तसंच ठेवा. फाटकं नीट ठेवलेलं चांगलं, वाईट जोडलेलं नको.

ठेवताना पट्टी मूळ घडीतच मिटा. उलटी घडी घालू नका, सरळ पसरून भिंतीला टांगूही नका, तिच्या वजनानं घड्या सुटतात. वर पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं पाकीट घाला. ज्या प्लास्टिकला नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी असतं, ते लांब ठेवा, त्यातून सुटणारे घटक शाईला चिकटतात. एका पाकिटात एकच फोल्डर.

डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ कागदासाठी चांगली नाही आणि तुमच्या आईच्या छातीसाठीही नाही. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, त्यावर पुठ्ठा, त्यावर पाकिटं. पुड्या महिन्यातून एकदा बदला किंवा तापवून कोरड्या करा. डबा बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका, ओल तिथूनच येते. गणपतीनंतर एकदा सगळं बाहेर काढून सावलीत वारा द्या. उन्हात नाही. कसर लागली असेल तर तो फोल्डर ताबडतोब वेगळा करा.

---

कोकणकडा (सोमवार, सकाळी ९.००)

खूप आभार काका. आईला वाचून दाखवलं. डांबरगोळ्या काढल्या.

---

सज्जा (सोमवार, रात्री ९.४०)

मी सांगलीची. धागा दोन दिवस वाचतेय आणि आता लिहिलंच पाहिजे, कारण माझ्या हातात कात्री होती.

माझे सासरे १९५३ मध्ये शिकायला शिकागोला गेले होते. ते गेल्यावर त्यांच्या सामानात शिकागोचा एक फोल्डर सापडला. त्यात बकिंगहॅम कारंज्याचं चित्र फार सुंदर आहे, पाणी गुलाबी-हिरवं दाखवलंय. दिवाळीआधी दिवाणखाना रंगवला, तेव्हा यांच्या खुर्चीमागे ते कारंजं लावायचं ठरलं होतं. चौकटवाल्याकडे मापंही देऊन आले होते.

कागदवेडीताईंचं ‘पाठीमागचं चित्र जातं’ हे वाचलं आणि कारंज्याच्या पाठीमागे काय आहे ते बघायला उठले. खरं सांगते, मी कधी उलटून बघितलंच नव्हतं. पुढची पट्टी बघायची आणि मिटवून ठेवायची.

मागे युनियन स्टेशन आहे. त्याच्या पांढऱ्या समासात पेन्सिलनं, मामंजींच्या अक्षरात लिहिलंय : ‘येथे उतरलो. न्यावयास कोणी आले नव्हते.’

मग मागची सगळी बाजू बघितली. जवळजवळ प्रत्येक चित्राखाली आहे. सरोवराकाठच्या रस्त्याखाली : ‘रविवारी येथवर चालत येतो.’ एका मोठ्या दुकानाखाली : ‘कोट येथे घेतला.’ एका बागेखाली, जिथे हिरवळ अगदी हिरवीगार छापलीय : ‘डिसेंबरात असे दिसत नाही.’ शेवटच्या चित्रात, इमारतींच्या गर्दीत, एका खिडकीवर बारीकशी फुली आहे आणि खाली काहीच लिहिलेलं नाही.

पाकिटावर तिकीट नाही, पत्ता नाही. फोल्डर पोस्टात टाकलेलाच नाही. सासूबाईंसाठी घेऊन आले असणार. त्या आता पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, चित्रं दाखवली होती मला, हे लिहिलेलं नाही आठवत. मग चष्मा मागितला आणि एकेक वाचत बसल्या. मी स्वयंपाकघरात गेले, कारण तिथे उभं राहवेना.

---

टपालपेटी (सोमवार, रात्री १०.०५)

सज्जाताई, काय लिहावं कळत नाही. मी वर लिहिलं की हे फोल्डर बहुतेक कोरे असतात, कारण दीड सेंट वाचवायचा असे. तुमच्या सासऱ्यांना दराची चिंता नव्हती, ते स्वतःच ते घेऊन येणार होते. म्हणून त्यांना लिहिता आलं.

---

कागदवेडी (सोमवार, रात्री १०.३०)

मी ओहायोतून हे वाचतेय, इथे दुपार आहे, आणि ऑफिसात दार लावून बसलेय.

ताई, वरच्या सगळ्या ओळी एका वहीत उतरवून घ्या, कुठल्या चित्राखाली कुठली आणि कितव्या क्रमांकावर, यासकट. त्यांनी लिहिलंय ते पट्टीच्या क्रमानंच असणार, पहिलं स्टेशन आणि शेवटी ती खिडकी. मी पहिल्या पोस्टमध्ये म्हटलं की तो क्रम गावानं लावलेला असतो. तुमच्या फोल्डरात तोच क्रम मामंजींनी आपला करून घेतलाय.

---

सज्जा (सोमवार, रात्री १०.५५)

बरोबर आहे तुमचं, स्टेशन मागच्या बाजूचं पहिलंच आहे. आत्ता मोजलं. उद्या दुपारी सासूबाई आणि मी दोघी मिळून उतरवून घेऊ. त्यांना अक्षर माझ्यापेक्षा चांगलं लागतं.

चौकटवाल्याला नको म्हणून कळवलं. पेन्सिल काही ठिकाणी फिकी झालीय. त्यावर काही करता येईल का?

---

खळ आणि कागद (मंगळवार, सकाळी ६.५०)

काहीही करू नका. पेन्सिल म्हणजे ग्रॅफाइट, ते उजेडानं उडत नाही, फक्त घासून जातं. त्यामुळे खोडरबर, ओला कापूस, वरून पुन्हा गिरवणं, यातलं काही नको. लिनन कागदाच्या विणीत ग्रॅफाइट उंचवट्यांवर बसलेलं असतं, म्हणून बोटानं ओळ दाखवत वाचू नका. सासूबाईंनाही सांगा.

मिटताना मागच्या बाजूची चित्रं एकमेकांना घासतात, तेव्हा प्रत्येक घडीत बिनआम्लाच्या तलम कागदाचा एकेक तुकडा घाला. तो मिळेपर्यंत पट्टी मिटू नका. टेबलावरच राहू दे, वर स्वच्छ चादर टाका आणि खिडकी बंद ठेवा.

---

सज्जा (मंगळवार, सकाळी ७.१५)

चादर टाकली. जेवायला आज आम्ही सगळे खाली जमिनीवर बसणार आहोत.